वकीलसाहेबांचा सिंह

"असू दे. वेळ येईल की."

कुणी फसवलं, टोचून बोललं, की आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई चष्मा काढायच्या, पदरानं काचा पुसायच्या आणि एवढंच म्हणायच्या. आवाज चढायचा नाही, कपाळावर आठी दिसायची नाही. चष्मा परत नाकावर गेला की आम्ही समजायचो, समोरच्याचं काही खरं नाही. आज नाही, उद्या नाही, पण कधीतरी.

तुम्ही म्हणाल, एवढा डूख धरणाऱ्या बाईचं कसलं आलंय कौतुक? थांबा, आधी ऐका तरी.

सोलापुरातल्या एका दुकानदारानं त्यांना चादर विकली होती, रंग पक्का म्हणून. पहिल्याच धुण्यात सगळा रंग बादलीत उतरला. दुकानदाराला विचारायला गेल्या तर तो म्हणाला, "बाई, साबण कुठला वापरला तुम्ही?" बाईंनी चष्मा पुसला. मग दिवाळीच्या तोंडावर, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती तेव्हा, ती विटकी चादर दोन्ही हातांनी पसरून त्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. तोंडातून अवाक्षर नाही. गिऱ्हाईक चादरीकडं बघायचं, मग पाटीकडं बघायचं आणि पुढच्या दुकानात शिरायचं. शेवटी दुकानदार हात जोडत धावत आला. बाई म्हणाल्या, "साबण कुठला वापरू, ते विचारायला आले होते."

मी त्याच शाळेत इतिहास शिकवायचे. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या, म्हणून मला हे सगळं जवळून बघायला मिळालं.

बाई वर्षानुवर्षं आफ्रिकेतला गवताळ प्रदेश शिकवायच्या. पुस्तकात लिहिलेलं सांगायच्या, फळ्यावर झाड काढायच्या, जिराफ काढायच्या. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही बघितलाय का हो हा प्रदेश?" बाई म्हणाल्या, "नाही गं." त्यात त्या मुलीचा काय दोष? पण बाईंना ते लागलं. मला म्हणाल्या, "न बघितलेलं शिकवायचं म्हणजे उष्टं वाढल्यासारखं वाटतं बघ."

आणि नशीब बघा, त्यांचा थोरला भाऊ नैरोबीत नोकरीला होता. त्यानं बहिणीला आणि मेव्हण्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलावलं. दुष्काळ पडला ना, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मुंबईहून बोटीनं जायचं होतं. बाई आठवडाभर आधीपासून भावासाठी शेंगापोळ्या करत होत्या. मुलींना सांगून गेल्या, "आता बघून येते, मग शिकवते."

त्यांचे यजमान वसंतराव वकील होते. माणूस बोलका, देखणा, कोटाच्या खिशाला कायम पेन. चारचौघांत उभे राहिले की लोक आपोआप भोवती जमायचे.

जूनमध्ये शाळा उघडली. बाई शाळेत यायच्या आधी त्यांची गोष्ट शाळेत आली. आमच्या शिपाई मावशी मला फाटकातच म्हणाल्या, "आवो बाई, भूगोलाच्या बाई सिंव्हाला बगून शीटाखाली घुसल्या म्हनं! वकीलसायबांनी सिंव्हाच्या डोळ्याला डोळा लावला, तवा कुटं गेला म्हनं त्यो!"

गावभर तेच. वसंतरावांनी कोर्टात सांगितलं, क्लबात सांगितलं, बारशाला गेले तिथं सांगितलं. प्रत्येक वेळी सिंह थोडा जवळ यायचा आणि बाईंची किंकाळी थोडी मोठी व्हायची. शेवटी शेवटी तर ते बाईंच्या आवाजात किंचाळूनही दाखवायचे. माणसं हसून हसून लोळायची. मला तर त्या माणसाच्या तोंडात चादरीचा बोळा कोंबावासा वाटायचा!

आता जे झालं ते सांगते. बाई वर्गावर गेल्या. गवताळ प्रदेशाचा धडा काढला. फळ्यावर झाड काढायला वळल्या, तर मागच्या बाकावरून हळूच सिंहाची गुरगुर आली, "डुर्रर्र..." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी बाईंनी खडू खाली ठेवला, मुख्याध्यापिकांकडं गेल्या आणि म्हणाल्या, "हा धडा इतिहासाच्या बाईंना द्या."

मला! मी आयुष्यात पंढरपूर-पुण्यापलीकडं गेले नव्हते. मी पुस्तक वाचून दाखवायचे आणि आफ्रिका बघून आलेली बाई शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसायची. एक दिवस माझा संयम सुटला. म्हटलं, "खरं काय झालं ते सांगणार आहात का नाही?"

त्यांनी सांगितलं. एका जंगलात गाडीतून उतरायची परवानगी असलेली जागा होती. झाडाखाली बाकं होती. भाऊ आणि ड्रायव्हर जरा खाली नदीवर पाणघोडे बघायला गेले. बाईंनी डबा उघडला, वसंतरावांच्या हातात शेंगापोळी दिली. तेवढ्यात झाडीतून एक वानर आलं. आपल्याकडच्यासारखं नव्हे, कुत्र्यासारख्या तोंडाचं, दांडगं. त्यानं पोळीवर झडप घातली. वसंतराव पळाले, गाडीत शिरले आणि दार लावून घेतलं.

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर. मी दार ओढलं, तर यांनी आतून दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं. मग मी एकेक पोळी लांब फेकत राहिले. वानर खायचं नि परत यायचं. ड्रायव्हर ओरडत आला तेव्हा डब्यात एकच उरली होती."

"अहो, मग सिंह?"

"सिंह सोलापूरच्या स्टेशनात आला. बोटीवर हे गप्पच होते. इथं कोर्टातली मंडळी हार घेऊन उभी. हार गळ्यात पडला नि यांनी सिंह काढला. मी ट्रंकेजवळ उभी होते."

"तिथंच खोटं पाडायचं की!"

"चारचौघांत नवऱ्याला? म्हटलं एकदा सांगतील, दोनदा सांगतील." त्यांनी चष्मा काढला. "धड्यापर्यंत जातील असं वाटलं नव्हतं गं."

पुढं काय म्हणाल्या ते तुम्हाला ठाऊक आहेच.

वेळ आली ती वसंतरावांच्या ज्युनिअरच्या लग्नात. मुलगी सोलापूरची, वऱ्हाड टेंभुर्णीचं. पंगत बसली होती. पुरुषांच्या ओळीत वकील मंडळी आणि एक जज्जसाहेब, समोर आम्ही बायका. जज्जसाहेबांनी सिंह ऐकला नव्हता. मग काय, विचारता! वसंतरावांनी ताटावरूनच सगळं रंगवलं, किंकाळीसकट. पंगत हसली. आमच्या मुख्याध्यापिकाही पदर तोंडाला लावून हसल्या. तेवढ्यात नवरीनं नाव घेतलं, मग तिच्या जावेनं घेतलं, आणि वसंतरावांना चेव आला. "आता आमच्या हिनं घ्यावं! घे गं, इथं सिंह नाही!"

बाईंनी चष्मा पुसला. परत लावला. बाई ताठ बसून खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"शेंगापोळीच्या वासानं वानर आलं धावून,
वसंतराव गाडीत बसले आतून कडी लावून."

जिलबी वाढणारा जागीच थांबला. जज्जसाहेबांनी विचारलं, "म्हणजे... सिंह नव्हता?"

"नाही. वानर होतं."

"आणि तुम्ही कुठं होता?"

"मी बाहेर."

मग जे हसू फुटलं म्हणता! मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. वसंतराव जिलबीचे तुकडे करत बसले. मला विचाराल तर मला इतका आनंद झाला की मी मठ्ठा तीनदा मागून घेतला.

उखाणा एकदा तोंडातून गेला की तो परत घेता येतो का? वऱ्हाडाबरोबर तो टेंभुर्णीला गेला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या अकलूजच्या मावसबहिणीनं तो मलाच ऐकवला, आपल्या नवऱ्याचं नाव घालून. कोर्टात वसंतराव खोलीत शिरले की कुणीतरी हमखास विचारायचं, "साहेब, कडी लावू का?" तेव्हापासून सिंह जो गेला तो कायमचा.

लग्नानंतरच्या सोमवारी बाईंनी माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं. "आण इकडं. माझा धडा आहे तो." मी व्हरांड्यात उभी राहून ऐकलं. त्या पुस्तक न उघडता सांगत होत्या. पिवळं गवत वाऱ्यानं कसं एकदम वाकतं, जिराफ एका बाजूचे दोन्ही पाय बरोबरीनं कसे उचलतो, संध्याकाळी सगळ्या जनावरांच्या माना पाण्याच्या दिशेनं कशा वळतात. मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "बाई, वानर खरंच आलं होतं?"

"आलं होतं की."

"भीती वाटली?"

"वाटली. लई वाटली. आता गवताकडं बघा."

कुणी हसलं नाही.

घरात मात्र अबोला. "वाढलंय", "पाणी तापलंय", एवढंच. वर्षभरानं वसंतराव मला शाळेच्या फाटकाशी गाठून म्हणाले, "पुरे म्हणावं तिला आता. केवढी शिक्षा!" मी निरोप दिला. बाई म्हणाल्या, "मी एकदाच बोलले. ते किती वेळा बोलले, विचार त्यांना." मला ते पटलं. आजही पटतं.

पुढं चार-पाच वर्षांत बाई गेल्या. नोकरीत असतानाच, थोड्याशा आजारानं. मी घरी भेटायला गेले. वसंतराव सतरंजीवर भिंतीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली. येईल त्याला, कुणी न विचारता, सांगत होते, "सिंह नव्हता हो. वानर होतं. मी दार धरून बसलो. ती बाहेर होती." लोक खाली मान घालून ऐकायचे आणि उठायचे.

मला त्यांची दया आली नाही. खोटं कशाला सांगू? मनात म्हटलं, हे स्टेशनवर सांगितलं असतंत तर? मी उठायला लागले, तर माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्हाला तर तिनं सगळं सांगितलं असेल."

"हो," मी म्हटलं. "सगळं."

"दार उघडलं तेव्हाचंही?"

मी परत सतरंजीवर बसले.

"ड्रायव्हर आल्यावर मी दार उघडलं. मला वाटलं, आता थोबाडीत देईल. तिनं माझा हात उलटासुलटा करून बघितला. म्हणाली, 'त्याचं नख लागलं नाही ना कुठं तुम्हाला?'"

हे बाईंनी मला कधीच सांगितलं नव्हतं.