खोबरेल तेलाचं भाषांतर

त्या संध्याकाळी माझ्या बायकोने वाचनालयात जर्मनमधून एक व्याख्यान दिलं, आणि पहिल्या रांगेत बसून मी तिच्या आईच्या कानात मराठीतून दुसरंच एक दिलं. दोन्ही साधारण एकाच वेळी संपली. टाळ्या फक्त तिच्या व्याख्यानाला पडल्या.

आम्ही हायडेलबर्गला गेलो ते माझ्या नोकरीमुळे, असं मी आजही लोकांना सांगतो. खरं म्हणजे तिला तिथल्या विद्यापीठात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला आणि मी मागाहून नोकरी शोधली. तिचा विषय होता कृष्णवर्णीय लेखिकांच्या कादंबऱ्यांमधलं आई आणि मुलीचं नातं. आम्हाला मुलगी झाली, बालवाडीत गेली, तिसरीत आली. प्रबंधही तिसऱ्याच प्रकरणात होता. जेवणाच्या टेबलावर पुस्तकांचे ढीग, म्हणून आम्ही सोफ्यावर बसून, ताट मांडीवर घेऊन जेवत असू. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी सांगायचो की ही जर्मन पद्धत आहे. जर्मन पाहुण्यांना सांगायचो, भारतीय.

ती पुस्तकं मी वाचली नव्हती. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. सूचनापुस्तिकेच्या पलीकडचं वाचन मला झोप आणतं. पण ऐकून ऐकून मला बरंच ठाऊक झालं होतं. त्या कादंबऱ्यांतल्या आया गोड बोलत नाहीत. राबतात, रागावतात, पोरांना धाकात ठेवतात, कारण दाराबाहेरचं जग आपल्या लेकराशी कसं वागेल हे त्यांना नीट माहीत असतं. आणि मुली मोठ्या झाल्या तरी एकच विचारत राहतात: आई, मी तुला आवडत होते का गं? हे सांगताना बायको नेहमी खिडकीबाहेर बघायची. मला वाटायचं, ट्रामची वाट बघतेय.

त्या वर्षी चौदा एप्रिलची जयंती आटोपून सासूबाई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. त्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या होत्या, पण हे त्यांना कोणी कळवलेलं दिसत नव्हतं. त्या आल्या आणि घरात दोन बदल झाले. पहिला, मी एका रात्रीत 'अरे'चा 'अहो' झालो. "अहो, कचरा ठेवून येता का?" हे वाक्य बायकोच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून बघितलं, की कोण आलंय. दुसरा बदल म्हणजे आमच्या मुलीची वेणी.

मुलगी तोवर मोकळ्या केसांनी शाळेत जायची. आता रोज सकाळी सासूबाई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसत, नातीला पुढ्यात जमिनीवर बसवून दोन गुडघ्यांत धरत, खोबरेल तेल थापत आणि दोन वेण्या घालून, त्या वर दुमडून, रिबिनी बांधत. इतक्या घट्ट, की पोरीच्या भुवया वर ओढल्या जायच्या आणि ती दिवसभर आश्चर्यचकित दिसायची.

"आउआ! आजी, नाइन!"

"मान सरळ."

मुलीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर, अगदी 'नको'सुद्धा, जर्मनमधूनच. आजीला जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं, पण मुख्याध्यापिकेला मुलांचं रडगाणं कुठल्याही भाषेत कळतं आणि कुठल्याही भाषेत चालत नाही.

शाळेच्या फाटकात सासूबाईंना एकच बाई पसंत पडली. आमच्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलीची आई, मूळची घानाची, इथल्या दवाखान्यात परिचारिका. तिच्या लेकीच्या डोक्यावर बारीक वेण्यांच्या ओळी इतक्या रेखीव असत की सासूबाई म्हणाल्या, "याला म्हणतात आईचा हात. जावईबापू, यांची ओळख करून द्या." मी करून दिली. मग दोघी रोज एकमेकींना मान डोलावून नमस्कार करू लागल्या.

एके सकाळी बायको स्वयंपाकघरात आली आणि तिने मुलीच्या डोक्यावरून आईचा हात बाजूला केला.

"आई, सोड तिला. दुखतंय."

"वेणी घालताना थोडं दुखतंच."

"दुखलंच पाहिजे असं कुठे आहे?"

"तू कधी तक्रार केली नाहीस."

"तू विचारलंस कधी?"

मी तेव्हा चहा गाळत होतो. गाळतच राहिलो. पातेल्यात चहा उरला नव्हता तरी गाळणं धरून उभा होतो. बायकोने रिबिनी सोडल्या, मुलगी मोकळ्या केसांनी पळाली, आणि आजीच्या हातात तेलकट फणी तेवढी राहिली.

त्यानंतर दोघींचं बोलणं माझ्यामार्फत होऊ लागलं. "अहो, आईला विचारा, भात की पोळी?" आई समोरच बसलेली. "जावईबापू, तिला सांगा, मला भूक नाही." ती समोरच उभी. मी मध्ये उभा राहून दोन्हीकडे मान हलवायचो. एक दिवस सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "तिकिटाची तारीख अलीकडे येते का, बघा. माझं इथे काही काम दिसत नाही." विमान कंपनीची वेबसाइट बंद आहे, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशीही बंद. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "या कंपनीच्या विमानात बसावं की नाही, विचार करायला हवा."

आणि त्यातच ते व्याख्यान आलं. आमच्या भागातल्या छोट्या वाचनालयात, तीसेक खुर्च्या, सफरचंदाचा रस आणि खारी बिस्किटं. बायकोने भाषण लिहिलं तेव्हा आई येईल असं तिच्या मनातही नव्हतं. पण सासूबाई इस्त्रीची पांढरी साडी नेसून दारात उभ्या. "माझ्या मुलीचं भाषण, आणि मी घरी भांडी पुसत बसू?" एवढं त्यांनी मलाच सांगितलं, पण ऐकू जाईल अशा आवाजात.

ट्रामच्या थांब्यावर बायकोने मला कोट ओढून मागे घेतलं.

"आज मी जे बोलेन ते तिला नीट सांग. मला तोंडावर नाही जमत रे. चाळिशी आली, नाही जमलं. मी त्या लोकांना सांगते, तू तिला सांग. आता ती रागावून गेली ना, तर हे कायमचं राहील."

"गेनाऊ," मी म्हणालो, म्हणजे 'अगदी बरोबर'. मला एखाद्या गोष्टीची भीती वाटली की मी गेनाऊ म्हणतो. ऑफिसातही म्हणतो. त्यामुळे तिथे मला ठाम माणूस समजतात.

आता जरा माझी बाजू. जावयाने सासूबाईंसमोर कोणती वाक्यं बोलायची, तर "वा, छान झालंय" आणि "नको, पुरे". एवढ्या भांडवलावर मी इतकी वर्षं ते नातं उत्तम चालवलं होतं. त्या भांडवलात 'तुमच्या मुलीला तुमच्याविषयी काय वाटतं' हे बसत नाही.

बायको उभी राहिली. सुरुवात सोपी होती. कादंबऱ्या, काळ, लेखिका. मी कुजबुजत राहिलो, सासूबाई मान डोलवत राहिल्या. मग ती केसांवर आली. तिने सांगितलं, की या पुस्तकांत आई पोरीचे केस विंचरते तो प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. पोर आईच्या गुडघ्यांत अडकलेली. हात कडक, फणी कडक, आणि तोंडातून शब्द नाही. प्रेम आणि धाक त्या मुलीला एकाच हातातून मिळतात, आणि कुठलं कुठे संपतं हे तिला आयुष्यभर कळत नाही.

"काय म्हणते?" सासूबाई.

"केसांची निगा फार महत्त्वाची, म्हणते."

"एवढंच? बराच वेळ बोलली."

"जर्मन भाषा लांबलचक आहे, आई."

बायकोने हातातले कागद खाली ठेवले. वर न बघता ती म्हणाली, माझी आईही माझी वेणी घालायची. आणि पुढे बोलत राहिली.

"आता काय?"

"तेल... खोबरेल तेल. त्याचे फायदे सांगतेय. मुळं घट्ट होतात. डोकं थंड राहतं."

मी चांगलाच रंगलो. कोंडा कमी होतो, झोप लागते, हेही घातलं. सासूबाईंच्या पलीकडे ती घानाची बाई बसली होती. तिने पर्समधून रुमाल काढला आणि डोळे टिपले. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. नापास होणाऱ्या मुलाकडे बघतात तसं.

"जावईबापू, खोबरेल तेलाचे फायदे ऐकून ही बाई रडते आहे?"

मी रसाच्या टेबलाकडे बघू लागलो.

"ती माझी मुलगी आहे. ती इतका वेळ कौतुक करणार नाही. काय म्हणाली ते सांगा. आणि तुमचं काही घालू नका."

तेव्हा मी सांगितलं. खाली बघून, तुटक तुटक, तोंडी परीक्षेला बसल्यासारखं. "ती म्हणते, तुम्ही वेणी घालताना कधी बोलत नव्हता. नुसतं ओढायचात. ती म्हणते, डोळ्यांत पाणी यायचं, पण ती हू की चू करायची नाही. कारण तुम्ही पहाटे उठून स्वयंपाक करून शाळेत जायचात, संध्याकाळी वह्या तपासायचात, आणि दिवसभरात तुमचा हात तिला लागायचा तो तेवढाच. म्हणून ती म्हणते... दुखलं तरी तिला वाटायचं, वेणी संपू नये."

पदराचं टोक सासूबाईंनी बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. टाळ्या झाल्या. त्यांनी वाजवल्या नाहीत. मला वाटलं, झालं. उद्या ती वेबसाइट सुरू करावी लागणार.

लोक उठून रसाच्या टेबलाकडे गेले. बायको तिथेच पुढे उभी, कागद गोळा करत होती. गोळा करण्यासारखे चारच होते, पण ती करत होती. सासूबाई तिच्याकडे गेल्या नाहीत. त्या वळल्या त्या शेजारच्या घानाच्या बाईकडे, आणि आपल्या सावकाश, स्वच्छ, वर्गातल्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, "तुमच्याही आई घट्ट घालायच्या?"

"दर रविवारी," ती बाई नाक पुसत हसली. "माझे कान वर सरकायचे."

"दुखायचं?"

"फार. आता मी माझ्या लेकीच्या घट्ट घालते आणि ती मला शिव्या देते."

"मग सैल का घालत नाही?"

त्या बाईने खांदे उडवले. "एक केस बाहेर आला तरी शाळेत काय म्हणतील, माहिती आहे ना."

सासूबाई खुर्चीत सरळ झाल्या. "माहिती आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या वस्तीतली एकटी माझी मुलगी त्या मोठ्या शाळेत होती. ती कुठून येते हे सगळ्यांना ठाऊक होतं. केस विस्कटला, कॉलर मळली, की बाई म्हणणार, ही माणसं अशीच. मी शिक्षिका, मला शिक्षकांच्या खोलीत काय बोलतात ते माहीत होतं. म्हणून मी रोज बघायची, कुठे काही सुटलं नाही ना. बोलायची नाही, कारण..." त्या थांबल्या. "कारण बोलले असते तर तिला घरीच ठेवून घेतलं असतं. पाठवलंच नसतं."

हे सगळं त्या शेजारणीलाच सांगत होत्या. फक्त आवाज जरा चढा होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. बायको तीन खुर्च्या पलीकडे कागद छातीशी धरून उभी होती. तिला इंग्रजी उत्तम येतं. माझी कोणालाच गरज नव्हती, म्हणून मी जाऊन खारी बिस्किटं खाल्ली.

ट्राममध्ये दोघी शेजारी बसल्या. उतरताना सासूबाई म्हणाल्या, "पायरी उंच आहे गं, बघ," तेही थेट तिला. मी नेहमीच्या सवयीने बायकोकडे वळून सांगणार होतो, "पायरी उंच आहे म्हणतात." वेळेवर तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मुलगी फणी घेऊन स्वतःच आजीपुढे बसली, पण अट घालून: "लॉकर, आजी. बिट्टे."

"काय म्हणते?" सासूबाईंनी मला विचारलं, आणि लगेच हात वर केला. "नको. तुम्ही राहू द्या." त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "सैल?" मुलीने जोरात मान डोलावली. वेणी सैल झाली. इतकी सैल, की दाराशी पोचेपर्यंत एक रिबिन सुटली. सासूबाईंचे ओठ हलले, पण त्या उठल्या नाहीत.

मग त्यांनी तेलाची बाटली बंद करायला घेतली, आणि दारात उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे बघितलं. "ये."

"आई, माझे केस आहेत कुठे?" जर्मनीत आल्या आल्या बायकोने ते कानाशी कापले होते.

"डोकं तर आहे ना? ये."

ती जमिनीवर बसली. चाळिशीची बाई, गुडघे वाजले. सासूबाईंनी तेल घातलं आणि बोलायला सुरुवात केली. विशेष काही नाही. नागपूरच्या घरातला नळ, शेजारच्या मुलाचं लग्न, त्यात झालेला खारट मसालेभात. बोलत होत्या, थांबतच नव्हत्या, जणू इतक्या वर्षांचं सगळं आजच संपवायचं होतं. मी चहा विचारायला आत गेलो. "अहो, नंतर," दोघी एकदम म्हणाल्या.

नंतर सासूबाई आंघोळीला गेल्या. बायको तेल चोपडलेल्या डोक्याने सोफ्यावर येऊन बसली. मी विचारलं, "मग? काय झालं?"

"अरे, मी वाट बघत होते. आत्ता ओढेल, आत्ता ओढेल. एकदाही दुखलं नाही." तिने टेबलावरच्या पुस्तकांच्या ढिगाकडे बघितलं. "आता केसांवरचं ते अख्खं प्रकरण मला परत लिहावं लागणार. तू आपली सोफ्यावरच जेवायची सवय ठेव."