टॉवेलाखालचा भाव

मंद्रूपच्या धुळाप्पानं चाळीस वर्षं दलाली केली, आणि त्या चाळीस वर्षांत त्याच्या बायकोला, नागव्वाला, एकाही जनावराचा भाव कळला नाही. बाजारातून तो घरी आला की ती विचारायची, "कितीला गेली म्हैस?" तो म्हणायचा, "गेली." भाव घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा, मधल्यानं तो फक्त पोचवायचा, असं त्याचं म्हणणं.

पोचवायची रीत जुनी होती. खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आत बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. शेकडा, हजार की लाख, हे माल बघून कळतंच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही समजत नाही. आत कोण काय म्हणालं याला साक्षीदारही नसतो.

पुढं बैल कमी झाले. बाजारात जिथं दावणी लागायच्या तिथं जुन्या मोटारसायकली उभ्या राहू लागल्या, मग टेम्पो, मग ट्रॅक्टर. धुळाप्पाही तिकडं सरकला. बैलाचे दात बघावेत तसे तो टायरवर कोरलेले चार आकडे बघायला शिकला. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. टॉवेल मात्र तोच राहिला.

मग साखरेनं त्याला गाठलं. आधी पाय बधिर झाले, चप्पल निसटून मागं राहिली तरी समजेना. दोन महिन्यांपूर्वी त्यानं उकळत्या चहाचा पेला उजव्या हातात धरला आणि बराच वेळ धरूनच बसला. बोटांवर फोड आले ते नागव्वानं पाहिले.

"साकु," ती म्हणाली. चिडली की तिच्या तोंडात कानडीच यायची. "बास आता. हाताला चटका कळंना, भाव काय कळनार?"

"कळतंय की," तो म्हणाला.

तेवढ्यात होटगीहून मथुराबाईंचा फोन आला. त्यांच्या यजमानांचे, हिंदुरावांचे, बैल धुळाप्पानंच एकेकाळी विकून दिले होते. हिंदुराव मालगाडीचे गार्ड. तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात मागं पळणारे रूळ बघत बसलो, आता पुढचा रस्ता बघायचा, असं म्हणत निवृत्त झाल्यावर त्यांनी एक मिनीबस घेतली होती आणि आत दोघांपुरतं घर करून घेतलं होतं. सहा वर्षं दोघं हिंडले. ते गेल्यापासून गाडी अंगणात निंबाखाली उभी होती.

"घरगाडी विकायची आहे, धुळाप्पाअण्णा," मथुराबाई म्हणाल्या. "भंगारवाला म्हणतो नव्वद हजार. पुण्याचा एक जण फोटो बघून म्हणाला सहा लाख, आणि नंतर फोनच उचलेना. गाडी तर एकच आहे ना हो? मला कुणी लुटू नये आणि माझ्या हातून कुणी लुटलं जाऊ नये. तुम्ही या."

गिऱ्हाईक धुळाप्पानं शोधलं. माळशिरसकडचा जोतिराम, दीडशे मेंढरांचा धनी. आठ महिने रानोमाळ फिरणारा. त्याच्या बायकोच्या, केराबाईच्या, मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी तिला ओल्या भुईवर निजायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

"घरगाडी म्हंजे काय ओ?" निघताना नागव्वानं विचारलं. "घराला चाकं लावल्यात का गाडीला घर?"

"बघून येतो," तो म्हणाला आणि तिनं पुढं केलेला टॉवेल खांद्यावर टाकून जोतिरामच्या मोटारसायकलीवर मागं बसला.

होटगीत पोचले तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. धुळाप्पानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग मातीत आडवा होऊन त्यानं खालून पाहिलं. मागच्या बाजूचा पत्रा गंजून पापुद्रे सुटले होते. टायर सात वर्षांचे; नक्षी शाबूत, पण कडेला रबर तडकलेलं. इंजिन तिसऱ्या किल्लीला लागलं. धुळाप्पा डोळे मिटून ऐकत राहिला, मग धुराजवळ जाऊन वास घेतला. आत मोरीपाशी फरशीची फळी पाय ठेवला की दबत होती. पण पलंग सागवानी होता आणि त्याचा एकही सांधा हलला नव्हता. पासिंगच्या कागदांवर राहायची गाडी अशीच नोंद होती. मुदत मात्र अकरा महिन्यांनी संपणार होती.

जोतिराम पलंगावर बसला. उठला. पुन्हा बसला.

"आमच्या केराला एवढं रुंद हातरून माहीतच न्हाय," तो म्हणाला. "हरवंल की काय मदीच."

"आमचे हे घोरायचे," मथुराबाई दारातून म्हणाल्या. "तेव्हा हाच पलंग अरुंद वाटायचा."

त्या चहा करायला घरात गेल्या आणि धुळाप्पानं अंगणात टॉवेल झटकला. जोतिरामचा हात त्याच्या हातात आला. टॉवेल वर पडला. जोतिरामनं बोटं धरली.

धुळाप्पाला काहीतरी धरलं गेलंय एवढंच समजलं. जाड चादरीतून कुणी हात लावावा तसं. तीन बोटं की चार? करंगळी त्यात होती की नव्हती? पुन्हा धर म्हणता आलं असतं. पण चाळीस वर्षांत त्यानं ते कुणाला म्हटलं नव्हतं, आणि घेणाऱ्याला पुन्हा धर म्हणणं म्हणजे तुझा भाव कमी आहे असं सांगणं. त्यानं जोतिरामच्या तोंडाकडं पाहिलं. पलंगावर दोनदा बसलेला माणूस. चार, त्यानं ठरवलं.

स्वयंपाकघराच्या दारात जाऊन तो हळूच म्हणाला, "वैनी, चार देतोय."

मथुराबाईंच्या हातातली गाळणी थांबली. "चार? मला तीनाच्या पुढं काही मिळालं तरी पुष्कळ वाटत होतं. चालेल, अण्णा. चालेल."

धुळाप्पानं बाहेर येऊन जोतिरामच्या तळहातावर टाळी दिली. जोतिरामनं एकशे एक रुपये इसार मथुराबाईंच्या हातावर ठेवला, त्यांनी त्याला गूळ दिला. सौदा झाला. सगळे चहा प्यायले. धुळाप्पानं पेला डाव्या हातात धरला होता.

मग जोतिराम निंबाखाली जाऊन फोनवर बोलू लागला. रानात बोलायची सवय, आवाज काही लहान नव्हता.

"केरा, झालं बग! व्हय, पलंग हाय. लई झ्याक हाय. तीन लाखात मिटलं!"

मथुराबाई कपबश्या घेऊन आत गेल्या होत्या, त्यांनी ऐकलं नाही. धुळाप्पा ओट्यावर बसला होता, तिथंच बसून राहिला. गाडीवर निंबाची पिवळी पानं पडलेली होती. होटगी स्टेशनात मालगाडी शंटिंग करत होती, डब्यावर डबा आदळल्याचे आवाज एकामागून एक येत होते.

पैसे द्यायच्या दिवशी हे उघडं पडणारच होतं. त्या दिवशी त्याला एवढंच म्हणावं लागलं असतं, की जोतिरामनं चार बोटं धरली होती. टॉवेलाखालचं कुणी पाहिलेलं नाही. माळशिरसच्या मेंढपाळाचा शब्द एकीकडं आणि धुळाप्पाची चाळीस वर्षं दुसरीकडं. मथुराबाईंनी कुणावर विश्वास ठेवला असता हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्यामुळंच त्याला जास्त थकल्यासारखं वाटलं.

"वैनी, जरा भाईर या," त्यानं हाक मारली. "जोत्या, फोन ठेव. हिकडं ये."

दोघं आली. धुळाप्पानं खांद्यावरचा टॉवेल काढून बाजूला ठेवला.

"ह्यानं तीन सांगितलं. मी तुमाला चार सांगितलं. चूक माजी हाय. हात मेलाय माजा." त्यानं उजवा हात उघडून दाखवला. "साखरंनं. बोटं धरल्याली कळत न्हाईत. सौदा झाला न्हाई. इसार परत करा."

जोतिराम उसळला. "आवो आण्णा, चार लाख? माजी मेंढरं इकून मलाच गाडी वडाय लावताय का?"

"आणि गाडी कशी बघितली मग?" मथुराबाई म्हणाल्या. चार लाख रुपये एका चहापुरतेच त्यांचे झाले होते. "हात मेलाय तर?"

"गाडी कानानं बघितली, वैनी. नाकानं बघितली. ती बरोबर बघितलीया."

"मग तुम्हीच सांगा."

"काय?"

"किती द्यावेत, किती घ्यावेत. तुमच्या मते."

धुळाप्पानं मान खाली घातली. हे त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. हजारो जनावरं त्याच्या हातून गेली, प्रत्येकाचा भाव त्याच्या मनात ठरलेला असायचा, आणि तो मनातच राहायचा. अंगणात, उन्हात, दोघांच्या देखत आकडा तोंडानं सांगायचा म्हणजे त्याला अंगातला सदरा काढल्यासारखं झालं.

"व्हय, तुमीच बोला आता," जोतिरामही म्हणाला. "टॉवेल ऱ्हाऊ द्या तितंच."

"तीन लाख तीस," धुळाप्पा म्हणाला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "तीन लाख तीस हजार. इंजिन चांगलं हाय, पलंग चांगला हाय, कागूद सरळ हाय, म्हनून तीनाच्या वर. टायर बदलाय पायजेत, पत्रा गंजलाय, फळी कुजलीया, अकरा महिन्यांनी पासिंगचा खर्च हाय, म्हनून साडेतीनाच्या खाली. भंगारवाला लोखंड बघतोय. पुण्याचा फोटू बघतोय. मी गाडी बघितली."

जोतिरामनं डोकं खाजवलं. तीस हजार म्हणजे चार-पाच चांगल्या मेंढ्या. तो गाडीकडं गेला, दारातून आतल्या पलंगाकडं पाहून परत आला. मथुराबाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या.

"द्या," शेवटी त्या म्हणाल्या. "पण फळी कुजली नाही. हे तिथं आंघोळ करायचे, पाणी सांडायचे, म्हणून मऊ झालीय."

"कुजलीया, मावशी," जोतिराम म्हणाला. "पर ऱ्हाऊ द्या. घेतो."

दोघांचीही तोंडं जराशी उतरली होती. ते बघून धुळाप्पाला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. भाव बरोबर बसला की बाजारातून दोघंही थोडी कुरकुरतच घरी जातात. त्यानं दलाली निम्मीच घेतली. मथुराबाईंनी पुरी द्यायचा आग्रह धरला नाही आणि त्यालाही ते योग्यच वाटलं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा नागव्वा भाकरी थापत होती. तो चुलीपासून जरा दूरच बसला. जाळ किती जवळ आहे हे आता डोळ्यांनीच ठरवावं लागायचं. त्यानं टॉवेल तिच्याकडं टाकला.

"धुवायला टाक."

"उद्या बाजार हाय की. कोरडा कवा व्हनार?"

"आता निस्ता तोंड पुसायला लागतोय. वाळंल तवा वाळंल."

तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग टॉवेलाकडं. भाकरी तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवला. बऱ्याच वेळानं सवयीनं म्हणाली, "गेली का ती घरगाडी?"

"तीन लाख तीस हजाराला गेली," धुळाप्पा म्हणाला.

नागव्वाचा हात थांबला. "हळू बोला की ओ," ती दाराकडं बघत म्हणाली. "शेजारी ऐकत्याल."

"ऐकू दे," तो म्हणाला आणि भिंतीला डोकं टेकून त्यानं डोळे मिटले.