दाखल झालेलं पत्रक

आमच्या बारामतीच्या कॉलेजात पुस्तकं कुलपात आणि आम्ही जाळीबाहेर. चिठ्ठी लिहून खिडकीत द्यायची, मग लायब्ररीचा शिपाई पुस्तक आणून देणार. शुद्ध मुजोरी! मी 'चिठ्ठी पद्धत बंद करा' असं पत्रक लिहिलं, छापून आणलं आणि पहिली प्रत त्या शिपायाच्याच हातात कोंबली.

त्याला सगळे तात्या म्हणायचे. नाव आम्ही कुणी विचारलं नाही. तात्यांनी दोऱ्यानं बांधलेला चष्मा चढवला, पत्रक शेवटपर्यंत वाचलं, त्यावर शिक्का मारला, दाखल नंबर घातला आणि कपाटात नेऊन ठेवलं.

आठवड्यात बाकीच्या प्रतींच्या भेळीच्या पुड्या झाल्या. उद्या मोर्चा, आणि वाटायला एक पत्रक नाही! माझा हस्तलिखित कागद हरवलेला, छापखान्यानं जुळवलेले अक्षरांचे खिळे सुटे करून टाकलेले. नमुना आणा, म्हणाले, पाचच्या आत.

मी खिडकीकडं पळालो. "तात्या, माझं पत्रक द्या."

"चिठ्ठी?"

"अहो, मीच लिहिलंय ते!"

"लिवलं तवा तुमचं हुतं. आता लायब्ररीचं हाय."

"उद्या मोर्चा तुमच्याच खिडकीवर येतोय!"

"येऊ द्या की. पर चिठ्ठी लागंल."

साडेचार वाजले होते. दात खात मी चिठ्ठी ओढली आणि पुस्तकाच्या नावापुढं लिहिलं: चिठ्ठी पद्धत बंद करा.

तात्यांनी ती गंभीरपणे वाचली आणि पत्रक आणलं. त्याला खाकी कव्हर घातलं होतं.

"कोपरा दुमडू नका," ते म्हणाले. "एवढं एकच ऱ्हायलंय."