माझ्या गालांचा मूळ रंग

चोविसाव्या वर्षी माझ्या गालांवर पुटकुळ्या आल्या आणि जाताना काळे डाग ठेवून गेल्या. तेव्हा मी बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला होते. खोलीतल्या मैत्रिणीने मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. ती स्वतःही तीच लावायची. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. घरी माझ्यासाठी स्थळं बघत होते, त्यामुळे सगळेच खूश. मी वर्षभर लावत राहिले.

मग उन्हात गेलं की गाल भाजायला लागले. बारीक लव वाढली. एक दिवस ट्यूब चुकली तरी चेहऱ्याची आग व्हायची. जवळच्या डॉक्टरांना लाली काही दिसली नाही. त्यांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या.

शेवटी आईने मला पालघरला एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आई सातपाटीत मासळी विकते. त्या दिवशी बाजार बुडवून आली होती. बाईंनी मला खिडकीच्या उजेडात बसवलं, गालांवरून हळूच बोटं फिरवली. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर सूज लाल नाही, जांभळट दिसते, म्हणाल्या. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. मग त्यांनी विचारलं, "तुमचा मूळ रंग कोणता? उपचारांनी मला तिथवरच जायचंय."

आईने पोलक्याची बाही वर सारून दंड पुढे केला. "ह्यो बगा. तिचा रंग माजाच हाय."

बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी ट्यूब हळूहळू बंद केली. तरी पुढचे दोन महिने वाईट गेले. चेहरा सुजला, पुन्हा पुटकुळ्या आल्या. कामावर मी ओढणी गुंडाळून जायचे. एकदा न राहवून ट्यूब हातात घेतली, तर मैत्रिणीने ती काढून घेतली. स्वतःची ट्यूब घेऊन ती पुढच्या रविवारी माझ्याबरोबर पालघरला आली.

वर्ष होत आलं तेव्हा डाग विरले होते. डाव्या गालावरचे दोन अजून आहेत. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढू का, म्हणून विचारलं. पुस्तकांत बहुतेक गोरीच कातडी असते, शिकणाऱ्या मुलांना आपली दाखवायची होती. नुसता गालच येणार, असं त्या सांगत होत्या. तरी आईने माझी वेणी सोडून नीट घातली, आणि मगच फोटो काढू दिला.