एरंडेलाची बाटली

एरंडेलाचा वास आला की मला अजून मळमळतं. सिझरनंतर माझं ओटीपोट सतत दुखायचं. "आतडी गर्भाशयाला चिकटलीत, ऑपरेशन करून सोडवू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चिरफाड कशाला? बेंबी सरकली हाय," म्हणत सासूबाईंनी मला खाडीपलीकडे दिघीला बेंबी बसवणाऱ्या बाईकडे नेलं. सुकटीचा वास मारणारे एरंडेलाने माखलेले हात तिने माझ्या पोटात रुतवले. मी किंचाळले. "बायकांनी एवढं सोसायला नको?" असं म्हणून सासूबाईंनी माझे पाय दाबून धरले. मी त्यांच्याच पदरावर ओकले. निघताना बाईने घरी चोळायला एरंडेलाची बाटली दिली, ती सासूबाईंनी जपून पिशवीत ठेवली. परतताना फेरीबोटीतूनच डॉक्टरबाईंना फोन करून ऑपरेशनची तारीख मागितली. ऑपरेशननंतर दुखणं पुष्कळ कमी झालं, सासूबाई मात्र गावभर सांगतात, "तेलानंच गुण आला." आज शेजारची सून पोट धरून आली, तर सासूबाईंनी तीच बाटली काढली. मी ती हिसकावून मोरीत ओतली. घरभर वास सुटलाय. सुटू दे.