वल्दबाई

वल्दबाईंना कुणाचंही नुसतं नाव पुरत नसे. नाव सांगितलं की त्या चष्म्यावरून बघत विचारणार, "वल्द?" दूधवाला असो, सोसायटीचा नवा सेक्रेटरी असो, नाहीतर सुनेच्या ऑफिसातला साहेब असो, सगळ्यांना हाच प्रश्न. जुन्या सरकारी कागदांत 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईंनी तो शब्द दप्तरातून उचलला आणि घरीदारी वापरायला काढला. लोक गोंधळायचे, मग बापाचं नाव सांगून मोकळे व्हायचे. 'वल्दबाई' हे नाव त्यांना मनीषनगरातल्या, त्यांच्या वस्तीतल्या पोरांनी ठेवलं आणि त्यांना ते आवडायचंही.

माझी त्यांची गाठ तहसिलीच्या अभिलेख कक्षात पडली. लेकीच्या जात पडताळणीसाठी स्वातंत्र्याआधीचा एखादा पुरावा हवा होता. आमच्याकडे त्यापायी किती घरं अशी दप्तरांत शिरली असतील, देव जाणे. मी कोतवाल बुक उघडून बसलो होतो. म्हणजे गावचा कोतवाल जन्म-मृत्यू टिपून ठेवायचा, ती वही. त्यात आमच्या पणजोबांचं नाव सापडलं आणि मी आनंदानं शेजारच्या माणसाला म्हणालो, "हे बघा, आमचं मूळ आडनाव 'वल्द' होतं! नंतर बदललं असणार." मागून एक बाई खो खो हसली. हसता हसता तिला ठसका लागला. ती पाणी प्यायली आणि परत हसली.

"अबे, मंग हे आख्खं गाव तुझ्याच भाऊबंदांचं हाय का गा? पाय न हे पान, सगळेच वल्द!"

मी पान पाहिलं. खरंच, वरपासून खालपर्यंत सगळे वल्द. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या बाईंनी खुर्ची ओढली आणि तासभर मला ते पान वाचायला शिकवलं. त्या हिंदीच्या निवृत्त शिक्षिका, आधी नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या. कुणा शेजाऱ्याच्या कामासाठी एकदा तिथे आल्या आणि मग सवयच लागली. मुलगा प्रशांत कुरकुर करायचा, "आई, लोकांची खानदानं कायले धुंडाळत राहते?" त्यावर बाई म्हणत, "तुझं वेब सिरीज चालते, माझं हे."

त्यांचे नियम कडक. कागदाला हात लावण्याआधी हात धुवायचे आणि स्वतःच्या नॅपकिनला पुसायचे, दुसऱ्याच्या नाही. पान उलटताना बोटाला थुंकी लावली तर हातावर फटका. मी साठीला टेकलेल्या एका इंजिनिअरला असा फटका खाताना पाहिलंय. आणि सापडलं म्हणून ओरडायचं नाही. "ओरडून राहिला तं खालची ओळ वाचायची राहून जाते," म्हणत. माझ्या पणजोबांच्या खालच्या ओळीत त्यांच्या भावाचं नाव होतं आणि लेकीचं काम खरं तर त्यानंच झालं. मी एक किलो संत्रा बर्फी घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाईंनी डबा उघडून वास घेतला, एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "बापाकडचं झालं. मायकडचं?"

 मायकडचं म्हणजे आमच्या घरातलं दुखणं होतं.

माझ्या आईची आई आईच्या जन्मावेळीच गेली. आजोबा नागपूरचे विणकर. त्यांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. पहिलीचं सासरचं नाव लक्ष्मी होतं. दुसरी आली तर तिचंही नाव लक्ष्मीच ठेवलं! घरात लक्ष्मी हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. पहिलीच्या माहेरच्यांशी संबंध तुटला आणि तिचं नावही दुसरीला देऊन झालं. आईच्या सगळ्या कागदांवर 'आईचे नाव लक्ष्मी' आहे, पण ती सावत्र आई. पितृपक्षात अविधवा नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांच्या दिवशी, आई दरवर्षी पान वाढायची आणि पानापुढे गप्प बसायची. "काय म्हणून बोलावू रे तिले?" ती मला विचारायची. "लक्ष्मी म्हटलं तं दुसरीच येईन जेवायले." हे ती हसत म्हणायची, पण आमच्यापैकी कुणीही कधी त्यावर हसलं नाही.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ बर्फीच्या डब्याचं झाकण लावत बसल्या. मग म्हणाल्या, "चाल, लाग कामाले."

मी नागपूरची दप्तरं धुंडाळायला लागलो. आईच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म नागपूरचाच. दोन महिने मी झुरळांशी आणि धुळीशी झुंजलो. आईच्या जन्माची ओळ काही मिळेना. एक दिवस मी वैतागून बाईंकडे गेलो, म्हटलं, "रेकॉर्डच गहाळ आहे, सोडा." बाईंनी विचारलं, "तुझी माय पहिलटकरणीची लेक न गा?" हो म्हटलं. "मंग पहिलं बाळंतपण सासरी होते का? दोन लेकरांचा बाप तू, तुझ्या बायकोले पहिल्यानं कुठं धाडलं होतं?"

अकोल्याला. तिच्या माहेरी. मी कपाळावर हात मारून घेतला.

आजीचं माहेर 'उमरेडकडचं' एवढंच आईला ऐकून माहीत होतं. त्या बाजूला विणकरांची वस्ती असलेली गावं होती तरी किती? बाईंनी कळमना बाजारातल्या एका अडत्याला फोन लावला. तो त्यांचा जुना विद्यार्थी आणि त्या भागातले शेतकरी त्याच्याकडे माल आणायचे. त्यालाही आधी 'वल्द' विचारूनच पुढचं बोलणं. त्यानं गावं सांगितली आणि आम्ही एकेका गावाचं बुक बघत गेलो. मी आईच्या वडिलांचं, मारोतीचं नाव शोधत होतो आणि बापाच्या जागी ते कुठेच नव्हतं. ती ओळ बाईंनी बघितली, कारण त्या बापाचं नाव शोधतच नव्हत्या. लेक माहेरी बाळंत झाली की कोतवालाच्या लेखी घर आजोबाचं. तिथे लिहिलं होतं: 'गोविंदा वल्द लक्ष्मण, नातीन झाली, जावई मारोती नागपूर.'

मी ओरडणारच होतो. बाईंनी माझं मनगट धरलं आणि बोट खालच्या ओळीवर नेलं. 'गोविंदाची लेक, बाळंतपणात मयत.'

बस. लेक. नाव नाही.

बाईंनी चष्मा काढला. त्यांना इतकं चिडलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. "बापाचं नाव लिहिलं, आज्याचं लिहिलं, जावयाचंही लिहिलं. मरणारीचं नाव लिहायले शाई संपली होती का याची?" सगळा कक्ष आमच्याकडे बघायला लागला. मग त्यांनी नॅपकिननं डोळे पुसले, तो नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "कागद इथपर्यंतच आणते. समोर पायानं जा लागते."

आम्ही एसटीनं त्या गावी गेलो. आईला मुद्दाम नेलं नाही, उगीच आशा नको. गोविंदाचं घर विचारत गेलो तर वाटेत एक म्हातारी ओसरीवर बसलेली. बाईंनी सवयीनं विचारलं, "वल्द?" आणि जीभ चावली. "माफ कर वं माय. तू कोणाची लेक?"

"गोविंदाची," म्हातारी म्हणाली. "याच गावात देल्ली मले."

ती माझ्या आजीची सख्खी धाकटी बहीण होती!  बाईंनी विचारलं, "तुझी मोठी बहीण नागपूरले देल्ली होती, बाळंतपणात गेली, तिचं नाव काय?" म्हातारी लगेच म्हणाली, "उकंडी. आमची उकंडीबाई."

परतीच्या एसटीत मी तेच नाव मनात घोळवत होतो. उकंडा म्हणजे शेणकचऱ्याचा ढीग. आईनं सत्तर वर्षं वाट बघितली आणि मी तिला हे नाव नेऊन देऊ? "त्यापेक्षा सापडलं नाही म्हणतो," मी म्हणालो. बाई एसटीतच माझ्यावर उखडल्या. "म्हातारी काय म्हणून राहिली होती ते ऐकलं नाही का? आधीची लेकरं जगली नाही. ही झाली तं बापानं उकंड्यावर नेऊन ठेवली, शेजारणीनं सुपात उचलून आणली. टाकलेली पोर म्हणजे मरण पाहत नाही तिच्याकडे. नावही तसंच ठेवलं. जिच्यासाठी जीव धास्तावते, तिचंच असं नाव ठेवतात, गाढवा!"

आईला मी त्याच शब्दांत सांगितलं. ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तिनं गॅस बंद केला. "म्हणजे माझ्या मायले कोणीतरी जपत होतं," ती म्हणाली आणि लाटणं हातात धरूनच रडली. मीही रडलो, सांगायला लाज कसली? त्या नवमीला तिनं पान वाढलं आणि चांगली मोठ्यानं हाक मारली, "ये वं उकंडी, जेवाले ये." शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. बाई आमच्याकडे जेवायला होत्या, त्यांनी दुसऱ्यांदा कढी मागून घेतली.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. दहनघाटावरच्या खिडकीत कारकुनानं मयताचं नाव विचारलं, प्रशांतनं ते सांगितलं, नवऱ्याचं नाव आणि आडनावासकट. सगळं रीतसर झालं.

परवा सर्वपित्रीला आईनं एक पान जास्त वाढलं. ऐंशी पार झाली तरी तिचं लक्ष सगळीकडे असतं. पानापुढे बसून तिनं मला विचारलं, "त्या बाईचं माहेरचं नाव काय होतं रे?"

मला माहीत नव्हतं. एकदा विचारलं होतं, तर म्हणाल्या होत्या, "शोध न. शिकवलं काहून मंग?"

मी बाहेर येऊन प्रशांतला फोन लावला. त्यालाही माहीत नव्हतं. "तू मायचं पहिलं लेकरू न?" मी विचारलं. "तुझा जन्म कुठला?"

"नागपूर. पासपोर्टवर आहे ना, दादा."

"पासपोर्ट राहू दे गा," मी म्हणालो. "तुझी माय कोणाची लेक, ते सांग."