सहीची वही

डायलिसिसला माझ्या धाकट्या भावाच्या शेजारच्या खाटेवर ते असत. दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. दंडावर सुयांनी फुगलेल्या शिरा आणि उशाशी खाकी कव्हरची शाळकरी वही. किडनीबद्दल कुणी काहीही सांगितलं की ते डॉक्टरांना विचारत, उत्तर वहीत लिहीत आणि खाली डॉक्टरांची सही घेत. कुणी काढा सुचवला की म्हणत, "सही हाय का? नसंल तर ऐकीव."

माझा रक्तगट भावाशी जुळत होता. घरी मात्र मीच सांगून टाकलं होतं, किडनी देणारा माणूस पुढे कामाचा राहत नाही.

एकदा त्यांनी ती वही मला घरी वाचायला दिली. शुक्रवारी परत करताना मी म्हणालो, "वेळच झाला नाही वाचायला."

त्यांनी वही उघडली. 'किडनी दिल्यावर माणूस कामधंदा करू शकतो का?' या प्रश्नाच्या पानात माझं बसचं तिकीट राहिलं होतं. खाली उत्तर होतं, 'तपासण्या नीट असतील तर करू शकतो.' त्याखाली सही.

मी आधी भावाकडे पाहिलं. तो झोपला होता.

त्यांनी तिकीट तसंच ठेवून वही मिटली आणि पुन्हा माझ्या हातात दिली.

"खूण राहू द्या," ते हळूच म्हणाले. "लागंल तुम्हाला."